वाळूची पोती, भरलेल्या मांड्या आणि टेप: गावच्या व्यायामशाळेच्या नोंदी

१५ सप्टेंबर

पोळा होऊन गेला, सोयाबीन सोंगणीला यायला अजून थोडा टाइम आहे, म्हणून आजपासून व्यायामशाळेचं काम हाती घेतलं. खोली ग्रामपंचायतीची जुनी, आधी तिथं फवारणीचे पंप अन् मोडक्या खुर्च्या पडून होत्या, पोट्ट्यांनीच ती रिकामी करून झाडून घेतली. गावात भरतीची तयारी करणारे बरेच आहेत, पहाटे रोडवर पळायला सगळे जातात पण ताकदीचं काम कोणीच करत नाही, अन् पोलीस भरतीत गोळाफेकीला १५ मार्क आहेत, मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. तो नुसतं पळून लांब जात नाही.

वजनं विकत घ्यायची ऐपत नाही, तर युरियाची रिकामी पोती अन् नाल्यातली वाळू. युरियाचं पोतं ४५ किलोचं असते म्हणून पोरांना वाटलं पोतं भरलं की ४५ किलो झालं, पण वाळू युरियापेक्षा कितीतरी जड, निम्मं पोतं भरलं तरी काटा पंचेचाळीसच्या वर गेला. कापूस मोजायचा काटा आणला होता, त्यावर एकेक पोतं टांगून मोजलं, अंगावर मार्करनं आकडा लिहिला. वाळू आधी उन्हात पसरून वाळवली, नाहीतर ओल्या वाळूचं आजचं वजन एक अन् पुढच्या महिन्यातलं दुसरंच. पोत्यात पोतं घालून दुहेरी केलं, तोंड दाभणानं सुतळी घालून शिवलं. शिवाय बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये अडीच-अडीच किलोच्या पुड्या करून ठेवल्या, त्या मोठ्या पोत्यावर बांधायच्या म्हणजे वजन थोडं थोडं वाढवता येते. माझ्या मते या पुड्याच पूर्ण प्रोजेक्टमधली सगळ्यात कामाची वस्तू आहे, का ते पुढे लिहितो. बार वेल्डरकडून पाइपाचा करून घेतला.

आठवड्यातून तीन दिवस: सोम, बुध, शुक्र. पोतं छातीशी धरून बैठका, पोतं जमिनीवरून उचलणं, बारनं खांद्यावरून वर दाबणं, अन् दंड. अंग जितकं जास्त दुखलं तितका स्नायू जास्त वाढतो असं पोरं धरून चालतात, ते खरं का हे पाहायला वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कोणी किती वजन किती वेळा उचललं, दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी अंग किती दुखलं याला शून्य ते दहामध्ये आकडा, अन् मांडी-दंडाचं माप. मापासाठी मांडीवर कंबरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंतचा मधला पॉइंट पेनानं मार्क केला, टेप शिवणकामाचा.

१७ सप्टेंबर

काल सकाळी सगळे खुशीत होते, "काही नाही झालं सर" म्हणत होते. आज सकाळी टेलरचा पोरगा ग्रामपंचायतीच्या पायऱ्या आडवा होऊन उतरून राहिला होता. "सर, चढाले काही नाही, उतराले मात्र जीव जाते." त्याचा आकडा आठ. बाकीचे पाच, सहा, सात.

त्यानं जे सांगितलं त्यातच सगळं आलं, चढताना नाही, उतरताना. स्नायू दोन प्रकारे जोर लावतो, एक आखडत आखडत, म्हणजे पोतं घेऊन उठताना, दुसरं म्हणजे लांबत लांबत वजन झेलत, म्हणजे तेच पोतं घेऊन हळूहळू खाली बसताना. याला इसेंट्रिक म्हणतात. उठताना दम जास्त लागतो, पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं मुख्यतः खाली बसण्यातून येते. स्नायूच्या तंतूत दोन-अडीच मायक्रोमीटरच्या कप्प्यांची माळ असते, वजन झेलत लांबताना त्यातले काही कप्पे जास्त ताणले जातात, त्यांच्या मधल्या भिंती वाकड्यातिकड्या होतात, मग तिथं सूज येते, शरीर दुरुस्तीला लागते, अन् त्या भानगडीत जे पदार्थ सुटतात त्यानं तिथल्या नसा हळव्या होतात. म्हणून एरवी नुसतं बोट लावलं तरी काही न होणारी मांडी आज दाबली की माणूस ओरडतो. हे सगळं व्हायला वेळ लागते म्हणून दुखणंही उशिरा येते, बारा ते चोवीस तासांनी सुरू, एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त, पाच-सात दिवसांत साफ.

आज बुधवार होता, पण बैठका घेतल्या नाहीत. हात-खांद्याचं हलकं काम घेतलं अन् चालायला पाठवलं. चालल्यानं तेवढ्यापुरतं मोकळं वाटते, बरं काही लवकर होत नाही.

१९ सप्टेंबर

आज लॅक्टिक अ‍ॅसिडवरून वाद. रील पाहून आलेले दोघं ठाम होते की मांडीत अ‍ॅसिड साचलं आहे, ते लिंबूपाण्यानं निघते. हे इतकं पसरलेलं आहे की पेपरात, पुस्तकात, जिमच्या भिंतीवर सगळीकडे सापडते, म्हणून शांतपणे समजावून सांगितलं. जोराचा व्यायाम करताना लॅक्टेट, म्हणजे ज्याला हे लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते, वाढते हे खरं, पण व्यायाम थांबला की तासाभरात ते जवळपास पहिल्यासारखं होते, शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकते. मग जी गोष्ट सोमवारी संध्याकाळीच संपली ती बुधवारी सकाळी कशी दुखवेल?

१९८३ मध्ये अमेरिकेत हे सरळ तपासून पाहिलं. काही जणांना सपाट ट्रेडमिलवर पळवलं, काहींना उतारावर. सपाटवाल्यांचं लॅक्टेट वाढलं पण अंग दुखलं नाही, उतारवाल्यांचं लॅक्टेट वाढलं नाही पण पाय चांगलेच दुखले. अन् त्याच्याही कितीतरी आधी, १९०२ मध्ये, थिओडोर हफ नावाच्या संशोधकानं लिहून ठेवलं होतं की हे उशिराचं दुखणं थकव्याच्या कचऱ्यानं होत नाही, स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्यानं होते. म्हणजे सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे अन् आपण अजून लिंबू पिळून राहिलो. लिंबूपाणी प्या, मीठ-साखर घालून प्या, उन्हातान्हात घामानं गेलेलं पाणी भरून निघायला ते चांगलंच आहे. मांडी त्यानं बरी होत नाही एवढंच.

स्ट्रेचिंगचंही तसंच. आधी करा, नंतर करा, या दुखण्यात फरक जवळजवळ पडत नाही, कितीतरी अभ्यास एकत्र करून हे पाहिलेलं आहे. मालिशनं मात्र थोडा आराम पडतो. घरी तेल आहे, आजी आहे, चोळून घ्या म्हटलं.

२२ सप्टेंबर

पहिल्यांदा घेतलेलीच पोती, तेवढ्याच बैठका, मुद्दाम काही बदललं नाही.

२४ सप्टेंबर

टेलरच्या पोराचा आकडा आठवरून तीनवर आला. बाकीचे एक-दोन. एकाचा तर शून्य, अन् तो नाराज. "आज काही दुखलं नाही सर, फुकट गेला न सोमवार?"

हाच तो प्रश्न ज्यासाठी ही वही मांडली. व्यायाम तोच, वजन तेच, आठवड्यात माणूस काही पैलवान होत नाही, तरी दुखणं निम्म्याहून खाली. एकदा झेललेल्या कामाला स्नायू पुढच्या वेळेसाठी तयार होऊन बसतो, अन् एका वेळच्या कामाचं हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. नसांची सवय, तंतूभोवतालच्या वेष्टणाची मजबुती, सूज येण्याची पद्धत, सगळंच थोडं थोडं बदलते. दुखणं कमी झालं म्हणजे शरीर शिकलं. सोमवार फुकट गेला नाही हे त्याला पटलं नाही, तोंडावर दिसत होतं. ठीक आहे, वही भरू देऊ.

आणखी एक. मागच्या बुधवारी सकाळी एकानं घरीच टेप लावला अन् मांडी अर्धा इंच वाढली म्हणून सगळ्यांना दाखवली होती. आज त्याच पॉइंटवर माप घेतलं तर जुनाच आकडा. ती सूज होती, पाणी. ताज्या दुखण्यात घेतलेलं माप धरायचंच नाही असा नियम केला: माप महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाआधी, दोन दिवस आराम झाल्यावर, अन् टेप धरणारा माणूस एकच.

२९ सप्टेंबर

वजन वाढवणं सुरू. तीन सेटमध्ये बारा-बारा बैठका नीट झाल्या, शेवटी अजून दोन मारता आल्या असत्या असं वाटलं, अन् असं लागोपाठ दोनदा झालं, की अडीच किलोची एक पुडी बांधायची. नाही झालं तर तेच वजन. पुडी बांधायची घाई सगळ्यांना आहे, पण खाली बसताना तीन आकडे मोजत बसायचं म्हटलं की घाई उतरते.

किराणा दुकानात दुखण्याच्या गोळ्या सुट्या मिळतात, दोघं-तिघं रोज एक घेऊन व्यायामाला येऊन राहिले होते हे आज कळलं. बंद करायला लावल्या. कधीतरी ताप-दुखण्याला गोळी घेणं वेगळं, पण रोजच्या रोज घेणं किडनीला, पोटाला वाईट, अन् ज्याच्यासाठी एवढी मेहनत करून राहिलो त्यालाही वाईट. २०१८ मध्ये स्वीडनमध्ये तरुण मुला-मुलींना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला, एका गटाला रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, दुसऱ्याला अ‍ॅस्पिरिनचा छोटा डोस. आयबुप्रोफेनवाल्यांच्या मांडीची वाढ निम्म्याच्या आसपासच झाली. सुजेचा सगळा कारभार वाईट नसतो, दुरुस्तीचा निरोप त्यातूनच जातो.

५ ऑक्टोबर

सोंगणी सुरू झाली. व्यायामशाळा जवळपास रिकामी, पोरं शेतात, मीही शेतात. पण या नोंदीत आजचं लिहिणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते.

आमच्याकडे सोंगायला ज्या बाया येतात त्यातल्या निम्म्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. सकाळी सातला विळा घेऊन तासाला लागतात, कंबरेत वाकून, एक पाय पुढे, डाव्या हातात झाडाचा बुडखा, विळ्याचा एक ओढा, पुढचा बुडखा. पहिला दिवस झाला की दुसऱ्या सकाळी सगळ्यांची कंबर अन् मांडीची मागची बाजू भरून आलेली असते. माझी काकूच म्हणाली, "पयल्या दिवशी लय दुखते बा, चौथ्या दिवशी काई वाटत नाई, आंग वळते." आंग वळते. जे आम्ही कॉलेजात रिपीटेड बाउट इफेक्ट म्हणून पाठ केलं ते काकूला दर ऑक्टोबरात मांडीत कळते.

आता पोरांच्या हिशोबानं जायचं तर दुखणं म्हणजे वाढ. मग या बायांच्या मांड्या दरवर्षी वाढायला पाहिजेत, वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्या सोंगतात, दर वर्षी दुखतात. तसं होत नाही. का? कारण पंधरा दिवसांत काम संपते, अन् त्या पंधरा दिवसांतही विळ्याचं वजन तेच, झाडाचा बुडखा तोच, वाकणं तेच. दहाव्या दिवशी स्नायूला पहिल्या दिवसापेक्षा जास्त ताण सोसावा लागत नाही. शरीराला जेवढं गरजेचं तेवढं ते करते, त्यापलीकडे कशाला करेल? त्यात पोटाला एक भाकर, चटणी, वरणाचं पाणी. दुखणं भरपूर आहे, वाढायचं कारण नाही अन् वाढायला माल नाही.

दुपारी जेवताना हे पोरांना बांधावरच बोलून दाखवलं. टेलरचा पोरगा बराच वेळ काकूकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, पुडी." हाव. पुडी.

एक गोष्ट मनात ठेवली: या बायांसाठी सोंगणीच्या तीन आठवडे आधी हलक्या वाकण्या-उठण्याचं काही सुरू करता आलं, रिकाम्या हातानं, थोडं थोडं, तर पहिल्या दोन दिवसांचे हाल बरेच कमी होतील. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी बचत गटाच्या मीटिंगमध्ये विषय काढायचा.

१३ ऑक्टोबर

शेजारच्या गावातून फोन. तिथं पोरांची पैज लागली, पाचशे बैठका कोण मारते, एकानं मारल्या. कधी व्यायाम न केलेला पोरगा, भर उन्हात, पाणी न पिता. दुसऱ्या दिवशी मांड्या टणक, पाय वाकेना, अन् तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी. घरचे म्हणत होते गरमी झाली, ताक पाजा. मी म्हटलं ताक-बिक नको, आत्ताच्या आत्ता गाडी करा अन् दवाखान्यात न्या. नेलं, सलाइनवर आहे, किडनी वाचली म्हणतात.

हे सगळ्यांनी वाचावं म्हणून मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलं. स्नायू एकदम जास्त प्रमाणात फुटला की त्यातला मायोग्लोबिन नावाचा प्रोटीनचा पदार्थ रक्तात उतरतो, किडनीत अडकतो, लघवीचा रंग त्यानंच काळपट होतो. साध्या दुखण्यात असं होत नाही. साधं दुखणं तीन दिवसांत उतरायला लागते, हललं की थोडं मोकळं होते. दुखणं वाढतच गेलं, पाय फुगले, जोरच लागेना, किंवा लघवी काळी झाली, तर वाट पाहायची नाही, रात्र असली तरी.

आमच्या गावातल्या म्हाताऱ्या पैलवानबाबांना हे सांगितलं तर ते फार हळहळले. त्यांच्या आखाड्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी दहा बैठका, रोज एक-दोन वाढवायच्या, जास्त मारल्या तर उस्ताद छडी मारायचे. विदर्भात ही शिस्त जुनी आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकानं जाऊन आपले देशी खेळ दाखवले. अन् तिकडे अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना पायावर उभं करताना थॉमस डीलॉर्म नावाच्या डॉक्टरनं १९४५ मध्ये हेच मांडलं, वजन हळूहळू वाढवत न्यायचं. उस्तादाला अन् डॉक्टरला एकमेकांची खबर नव्हती, दोघंही एकाच जागी पोचले.

२० ऑक्टोबर

खाण्याचा हिशोब. पोरांचं सरासरी वजन ५५ किलोच्या आसपास. साध्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरते असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं, वजनाचा व्यायाम करणाऱ्याला १.६ पर्यंत फायदा होतो, त्याच्या पुढे फारसा नाही. म्हणजे ५५ किलोला ८८ ग्रॅम.

प्रत्येकाला कालचं जेवण लिहायला लावलं. बहुतेकांचं चाळीस-पन्नासमध्येच संपलं. पोट भरलेलं आहे, भात-पोळी-आलूची भाजी, पण माल नाही. अन् चारही बाजूला सोयाबीनच्या गंजी लागल्यात, ज्यात शंभर ग्रॅममध्ये छत्तीसच्या वर प्रोटीन, ती आपण क्विंटलनं विकतो अन् घरात एक मूठ शिजत नाही. कच्चं खायचं नाही, नीट शिजवूनच, कच्च्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात. रात्री भिजवून कुकरला चांगल्या शिट्ट्या द्यायच्या, मग फोडणी. एकाच्या आईनं उसळ करून पाठवली, कांदा-लसूण-तिखट मारून, पोरांनी डबा पुसून खाल्ला.

हिशोब असा बसवला: दुकानातल्या सोयाबीन वड्या ५० ग्रॅम म्हणजे २६, तीन अंडी १८, दिवसभराचं तुरीचं वरण ८० ग्रॅम कच्च्या डाळीचं म्हणजे १७, ज्वारीच्या भाकरी २० च्या आसपास, मूठभर फुटाणे १०. झाले नव्वद. माळकरी घरातल्या दोघांना अंडी चालत नाहीत, त्यांना दोन ग्लास दूध अन् रात्रीच्याला झुणका, बेसनातही शंभराला वीसच्या वर असते. महागड्या डब्यांच्या पावडरीचं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच, आधी हे नव्वद रोज खाऊन दाखव.

रात्रीची झोपही लिहायला लावली. मोबाइलवर एक-एक वाजेपर्यंत जागणारे तीन आहेत. त्यांच्याशी वेगळं बोललो.

३ नोव्हेंबर

सोंगणी-मळणी उरकली, सगळे परत. दोन मुली नव्यानं आल्या, त्याही भरतीच्या, त्यांचा गोळा ४ किलोचा. एकीचे बाबा आधी येऊन बोलून गेले. "सर, पोरीचे दंड पैलवानावानी होतीन का? लगन करा लागते." त्यांची काळजी खरी होती, म्हणून बसवून सांगितलं, काका, बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पुरुषाच्या मानानं खूपच कमी, ताकद तिची टक्क्यांत पोरांएवढीच वाढेल, पण पोरांसारखे दंड फुगायचे नाहीत, अन् हाडं मजबूत होतील ते वेगळंच. ते म्हणाले बरं, पण दरवाजा उघडा ठेवा अन् मी बाहेर बसन. बसा म्हटलं. रोज येऊन बसतात, आता पोत्यांची सुतळी तेच आवळून देतात.

या दोघींना जाणूनबुजून वेगळं चालवतोय. पहिले तीन आठवडे अगदी हलकं, दुखणं दोन-तीनच्या वर जाऊच द्यायचं नाही. २०११ मध्ये अमेरिकेत असंच केलं होतं: एका गटाला आधी तीन आठवडे हळूहळू सवय लावली, दुसऱ्याला सरळ कामाला जुंपलं. दुसऱ्या गटाचं अंग खूप दुखलं, रक्तात स्नायू फुटल्याच्या खुणा वाढल्या, पहिल्याचं जवळजवळ नाही. पुढचे आठ आठवडे दोघांना काम सारखंच. शेवटी मांडी दोन्ही गटांची सारखीच वाढली, ताकदही सारखीच.

१७ नोव्हेंबर

दिवाळी उरकली. पहिलं खरं माप घेतलं अन् पोरं हिरमुसली. वजनं तर भरपूर वाढलीत, ज्यानं ३० किलोच्या पोत्यानं सुरुवात केली तो आता ४५ वर आहे, अन् मांडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर.

यात वाईट काहीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती जास्त करून मेंदूची अन् नसांची, स्नायूतले जे तंतू आधी झोपून होते ते कामाला लागतात, सगळे एकदम ओढायला शिकतात. १९७९ पासून हे माहीत आहे. त्याच काळात स्नायू प्रोटीन भरपूर बनवतो पण ते बरंचसं फुटतूट दुरुस्त करण्यात जाते. २०१६ च्या एका ब्राझिलियन अभ्यासात हेच दिसलं, पहिल्या आठवड्यात स्नायूत प्रोटीन सगळ्यात जास्त बनत होतं अन् तेव्हाच फुटतूटही सगळ्यात जास्त, पण त्या प्रोटीनचा शेवटच्या वाढीशी काही मेळ बसला नाही. तीन आठवड्यांनी फुटतूट थांबली तेव्हा बनलेलं प्रोटीन मात्र वाढीला लागलं. म्हणजे पहिल्यांदा विळा धरलेल्या माणसाची अर्धी मजुरी दवाखान्यातच जावी तसं. दुखणं कमी झाल्यावरच मालाची बचत सुरू होते.

वाढते म्हणजे नेमकं काय होते हेही विचारलं एकानं, फार चांगला प्रश्न. तंतूंची संख्या जवळपास तीच राहते, एकेक तंतू जाड होतो. ताण पडला की पेशीला खबर जाते, पुढचा एक-दीड दिवस प्रोटीन बनवण्याचं काम जोरात चालते. तंतूच्या कडेला सॅटेलाइट पेशी असतात, १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी त्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, त्या जाग्या होऊन तंतूत मिसळतात अन् आपलं केंद्रक त्याला देतात. ऐकून तो पोरगा स्वतःचा दंड दाबून पाहत बसला.

२६ नोव्हेंबर

थंडी पडली. पहाटे वॉर्मअप वाढवला, दहा मिनिटं. कापूस वेचायला जाणारे संध्याकाळी येतात, त्यांच्या कंबरेला आराम देऊन फक्त वरचं काम.

८ डिसेंबर

आज बसून पूर्ण वही काढली, एका बाजूला प्रत्येकाचे दुखण्याचे आकडे, दुसऱ्या बाजूला वजन अन् टेप.

सगळ्यात जास्त दुखलेला पोरगा, जो दर सोमवारी काहीतरी नवीन करून अंग दुखवून घ्यायचा, कधी रील पाहून उड्या, कधी टेकडीवरून उलटं उतरणं, त्याचं पोतं सगळ्यात कमी वाढलं. कारण उघड आहे, बुधवारी तो नेहमीच लंगडत असायचा, काम निम्मंच व्हायचं, आठवड्याचे दहा सेट भरायचे तर सहाच भरायचे. टेलरचा पोरगा, पहिल्या आठवड्यानंतर त्याचा आकडा तीनच्या वर गेला नाही, अन् त्याच्या पोत्यावर सगळ्यात जास्त पुड्या, मांडी आता दीड सेंटिमीटर वर. ज्याला शून्य आलं म्हणून सोमवार फुकट गेला वाटला होता तोही त्याच्या मागोमागच आहे. दोन्ही मुलींचं सगळ्यात नीट, एकही दिवस चुकला नाही, एकही दिवस जिना उतरायला त्रास नाही, अन् गोळा पहिल्यापेक्षा मीटरभर लांब.

एवढ्याशा गावच्या वहीतून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, खाणं वेगळं, झोप वेगळी, अंगकाठी वेगळी. पण पोरांसाठी स्वतःच्या अक्षरातला आकडा मोठा असतो. सगळ्यात जास्त दुखवून घेणाऱ्यानं वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली, अन् विचारलं, "मंग दुखते ते मोजाचं कायले सर?" मोजायचं, कारण तो आकडा सांभाळायला कामाचा. पाचच्या वर गेला तर मागच्या वेळी जास्त झालं, उद्या कमी कर. शून्य ते तीनमध्ये राहून पुडी वाढत असली तर काहीही बदलू नको. नवीन व्यायाम घेतला, सुट्टीनंतर परत आला, तर थोडं दुखणारच, त्याचं कौतुकही नको अन् भीतीही नको. प्रगती कुठं दिसते तर पोत्यावर मार्करनं लिहिलेल्या आकड्यात.

१५ डिसेंबर

हा आठवडा हलका ठेवला, सगळ्यांचं वजन निम्मं, सांधे अन् कंबर मोकळी होऊ द्यायला. तूर कापणीला आली की परत गर्दी कमी होईल, तेव्हा तीनऐवजी दोनच दिवस घ्यायचे, मिळवलेली ताकद टिकवायला तेवढं पुरते.

नवीन आठ-दहा पोरं यायचं म्हणून राहिलीत, काही तर नववीतले. त्यांना पहिले तीन आठवडे रिकामा बार अन् दहा किलोचं पोतं, जास्त मागितलं तरी नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम दोघी मुलींनी घेतलं आहे, खाली बसताना तीन आकडे मोठ्यानं मोजून घेतात. जुन्यांच्या पुड्या संपत आल्या, रविवारी नाल्यावर जाऊन वाळू आणायची, वाळवायची, काकांनी काटा द्यायचं कबूल केलं आहे. दाभण मोडलं, नवीन आणायचं.